गोव्यात शूटिंग करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, पुणे, कोल्हापूरहून गोव्यात चित्रपट, मालिका, वेब सीरिज किंवा जाहिरात करायला येणाऱ्या युनिटांचं इथलं नियोजन आम्ही बघतो. पहिल्या फोनवर जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. रेकीला, म्हणजे लोकेशनच्या पाहणीला, निघण्याआधी दिग्दर्शन विभाग आणि प्रॉडक्शन, दोघांनी वाचावं. इथे बरीच गणितं लेखनाच्या टेबलावरच चुकतात आणि ती निस्तरायची पाळी मात्र लोकेशनवर येते.

परवानगी कुणाकडे मागायची? एकाच ठिकाणी सगळं होतं का?

सुरुवात एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा, म्हणजे ईएसजीकडून करायची. पणजीत जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या वास्तूत त्यांचं कार्यालय आहे. 2004 पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात भरतो, त्याच्या आयोजनातही हीच संस्था असते. शूटिंगच्या परवानगीसाठी राज्य सरकारने नेमलेली हीच संस्था. पटकथेचा सारांश, तारखा, लोकेशनची यादी, युनिटमधल्या माणसांची संख्या आणि गाड्यांचा तपशील तयार ठेवा.

पण ईएसजीचं पत्र हातात आलं की काम संपलं, असं समजू नका. जागा वनखात्याची, पुरातत्त्वाची, रेल्वेची किंवा बंदर कप्तान खात्याच्या अखत्यारीतली असेल तर त्यांचा ना हरकत दाखला वेगळा घ्यावा लागतो. त्या भागातल्या पोलीस ठाण्याला आधी कळवावं लागतं. आणि ज्या गावात तुम्ही उतरणार, त्या गावाचा होकार लागतो. आमच्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. सरकारी कागद तुम्हाला उभं राहण्याचा हक्क देतो, पण दिवस नीट पार पडतो तो गावामुळे.

गावाचा होकार म्हणजे नेमका कुणाचा?

हे जागेवर ठरतं. रस्ता, मैदान, बाजार असेल तर पंचायत. पंचायतीची बैठक साधारण पंधरवड्याने होते, त्यामुळे अर्ज बैठकीच्या आधी पोचला नाही तर दोन आठवडे गेलेच म्हणून समजा. डोंगराची पठारं, माळ, शेतजमिनी पुष्कळदा कोमुनिदादीच्या असतात. ही गावकऱ्यांची सामायिक मालकीची जुनी व्यवस्था आहे, तिचा कारभार पंचायतीपेक्षा वेगळा, तिथे स्वतंत्र अर्ज. माडांची बागायत एखाद्या भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची असते, पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मुंडकार वेगळा असतो. भाटकाराला पैसे देऊन मुंडकाराच्या अंगणात लाइट लावले तर तो बोलणारच, आणि त्याचं बोलणं रास्त असतं. दोघांशी बोला.

किती दिवस आधी तयारीला लागायचं?

साधं गाव, खासगी घर, गर्दी नसलेला किनारा यासाठी महिनाभर आधी सुरुवात केली तर धावपळ होत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्मारकं, अभयारण्यं आणि रेल्वे, या तिघांना मात्र दोन-तीन महिने धरा. कलाकारांच्या तारखा घ्यायच्या आधी या तिघांची चौकशी करा. उलट्या क्रमाने काम करणारी युनिटं शेवटच्या आठवड्यात लोकेशन बदलतात आणि त्याचा खर्च सेटच्या खर्चापेक्षा जड होतो.

कोणते महिने चांगले?

ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. ऑक्टोबरमध्ये हिरवळ शिल्लक असते आणि आकाश धुतलेलं असतं, आमच्या पसंतीचा काळ तोच. 20 डिसेंबर ते 5 जानेवारी मात्र टाळा: खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर परवडत नाहीत, आणि कळंगुट-बागा पट्ट्यात गाडी हलत नाही. इफ्फी नोव्हेंबरमध्ये असतो, त्या दिवसांत पणजी शहरातली लोकेशन आणि ईएसजीची माणसं दोन्ही व्यग्र.

गावाचं पंचांगही बघा. चवथीच्या दिवसांत गोव्यात कुणीही कामाला मिळणार नाही, ते दिवस सरळ सोडून द्या. 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना चालतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्निव्हल आणि शिगम्याच्या मिरवणुकांनी शहरातले मुख्य रस्ते बंद होतात. कथेत काजूची भट्टी असेल तर साधारण मार्च ते मे. बोंडं मळण्यापासून हुर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) उतरण्यापर्यंतचं सगळं तेव्हाच खरं बघायला मिळतं. डिसेंबरात ती भट्टी उभी करायची तर सगळाच देखावा रचावा लागेल आणि पडद्यावर तो ओळखू येतो.

समुद्रकिनाऱ्यावर सूर्यास्ताचा सीन आहे. कुठली तारीख धरू?

तारीख नाही, तिथी धरा. दर शेड्यूलच्या वेळी आम्ही हे पुन्हापुन्हा सांगतो.

कोकणपट्टीवरच्या जुन्या माणसांचा हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. आता हे सूर्यास्ताशी जोडून बघा. अष्टमीच्या आसपास संध्याकाळी पाणी वर आलेलं असतं आणि वाळूची पट्टी अरुंद होते. ट्रॅक टाकायला जागा नाही, मास्टर शॉटला मागे सरकता येत नाही. पौर्णिमा-अमावस्येला त्याच वेळी पाणी दूर गेलेलं असतं, ओल्या वाळूचा रुंद पट्टा मोकळा होतो आणि त्यावर आकाशाचा रंग उतरतो. तेव्हा त्रयोदशीपासून पुढच्या द्वितीयेपर्यंतचे दिवस रुंद किनाऱ्यासाठी राखा. दोन पात्रांचा, पायाशी लाट हवी असा जवळचा सीन असेल तर अष्टमीकडचे दिवस बरे: तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढ-उतार करत नाही आणि कंटिन्युइटी सांभाळता येते.

हा अंदाज झाला. शेड्यूल पक्कं करताना मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता घ्या, सर्व्हे ऑफ इंडिया तो दर वर्षी छापतं. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या घरात जातो. सामान कुठे ठेवायचं हे वाळूच सांगते: वाळलेल्या काडीकचऱ्याची आणि शिंपल्यांची जी रेघ किनाऱ्याला समांतर दिसते तिथवर पाणी येऊन गेलेलं असतं. जनरेटरची केबल, मॉनिटर, मेकअपची खुर्ची, सगळं त्या रेघेच्या वर.

घड्याळाचं म्हणाल तर डिसेंबरच्या मध्याला सूर्य सहा वाजून गेले की लगेच मावळतो, मेअखेरीस सातच्या सुमाराला.

समुद्रातून उगवणारा सूर्य हवाय.

गोव्यात मिळणार नाही. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. पौर्णिमेचा चंद्र मात्र पहाटे समुद्रात मावळताना मिळतो. पटकथेत बसत असेल तर जरूर विचार करा, तो प्रकाश फार कमी लोकांनी टिपलाय.

किनाऱ्यावर काय करता येत नाही?

गाडी वाळूवर उतरवता येत नाही, कायद्याने बंदी आहे. सामान हाताने किंवा ढकलगाडीने न्यावं लागतं, त्यासाठी माणसं आणि वेळ आधीच धरा. वाळूवर सेट, मंडप, मचाण असं तात्पुरतंही काही उभारायचं असेल तर ते किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांखाली येतं आणि त्याची परवानगी वेगळी. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही, रात्रीच्या गाण्याला नर्तकांच्या कानात इअरपीस देऊन प्लेबॅक करा. किनाऱ्यावर दारू पिणं गुन्हा आहे आणि पॅकअपनंतर युनिटने केलं तरी तो गुन्हाच.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालायला येतात. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, म्हणजे नेमका आपल्या शूटिंगचा. रात्री किनाऱ्यावर पांढरा झगझगीत प्रकाश असला की मादी अंडी न घालता परत फिरते. पिल्लं तर उजेडाकडेच चालायला लागतात आणि समुद्राऐवजी रस्त्यावर पोचतात. रात्रीचा बीच सीन असेल तर या चार किनाऱ्यांचं नावही यादीत घेऊ नका. वनखातं अडवतं म्हणून नव्हे. एका सीनसाठी हे करायचं नसतं म्हणून.

पाण्यातल्या सीनला किनाऱ्यांवर जीवरक्षक पुरवणाऱ्या ‘दृष्टी’ संस्थेच्या जीवरक्षकांना आधी कळवा. लाल झेंडा असेल तिथे कलाकाराला पाण्यात पाठवायचं नाही, दिग्दर्शकाने कितीही आग्रह धरला तरी नाही. अंधार पडल्यावर मनोऱ्यांवर कुणी नसतं, तेव्हा संध्याकाळनंतर पाण्यातलं काम ठेवू नका. तातडीला 108. मोठं सरकारी रुग्णालय बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), दक्षिणेत मडगावचं जिल्हा रुग्णालय. आगोंद किंवा पेडण्याच्या टोकाला असाल तर तिथून किती वेळ लागतो ते रेकीलाच मोजून ठेवा.

ड्रोन उडवता येईल?

काही भागांत, हो. ड्रोन नियम 2021 प्रमाणे डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे विभाग आहेत. हिरव्या विभागात 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पण नोंदणीकृत ड्रोन आणि प्रमाणपत्र असलेला पायलट लागतो. दाबोळी हा नौदलाचा हवाई तळ आहे, त्यामुळे वास्को, बोगमाळोकडचा पट्टा विसरा. 2023 पासून मोपा विमानतळ सुरू झाल्यामुळे पेडण्यातलीही गणितं बदललीत. जुन्या युनिटने सांगितलेल्या अनुभवावर जाऊ नका, त्या आठवड्याचा नकाशा बघा.

पटकथेत बेट आहे. दिवाडी, चोडण चालेल का?

चालेल, आणि ही बेटं सुंदर आहेत, पण आधी ठरवा की तुम्हाला समुद्रातलं निर्जन बेट हवंय की नदीतलं नांदतं बेट. दिवाडी आणि चोडण मांडवीतली बेटं आहेत, तिथे शेती आहे, देवळं-चर्च आहेत, शाळेत जाणारी मुलं आहेत. निर्जन बेटाचा आभास हवा असेल तर दक्षिणेकडच्या एखाद्या आडबाजूच्या किनाऱ्यावर, फक्त ओहोटीला चालत जाता येतं अशा खडकाळ कोपऱ्यात तो स्वस्तात मिळतो. मुरगावसमोरच्या ग्रांद बेटावर होडीने जावं लागतं आणि पावसाळ्यात ते बंद. अंजदीव नौदलाच्या ताब्यात आहे, तो विषयच नाही.

दिवाडीला पूल नाही. जुन्या गोव्याहून नदी परिवहन खात्याच्या फेरीने जायचं. व्हॅनिटी व्हॅन, मोठी जनरेटर व्हॅन चढेल अशी आशा ठेवू नका. लहान जनरेटर, लहान टेम्पो, आणि एखाद्या घरात मेकअपची खोली अशी मांडणी करा. कॉल टाइम, म्हणजे युनिटने हजर व्हायची वेळ, फेरीच्या वेळेवरून मागे मोजायचा. सकाळी आणि संध्याकाळी फेरीवर पहिला हक्क गावकऱ्यांचा: कामावर निघालेला माणूस तुमच्या टेम्पोमुळे मागे राहिला तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बेटाला ते माहीत होतं. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरां हा उत्सव असतो, त्या दिवशी जाऊ नका. चोडणच्या टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, तिथे वनखात्याची परवानगी.

आता बांधांबद्दल, कारण यावर कुणी बोलत नाही. बेटांवरची आणि खाडीकाठची खालची शेती ही खाजन जमीन. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा, दगडाचा बांध घातलेला असतो, आणि त्यात लाकडी झडपांची मानस. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला झडप आपोआप मिटते. दोन्ही बाजूंना पाणी आणि मधून जाणारी ही चिंचोळी वाट कॅमेऱ्याला फार आवडते. त्यावर सायकल, माणसं, फार तर स्कूटर चालवा. भरलेला टेम्पो घालायचा नाही. बाहेरून भक्कम दिसणारा बांध आतून खेकड्यांनी पोखरलेला असतो, वजनाने तो एका जागी खचला की पुढच्या उधाणाला खारं पाणी आत शिरतं आणि ती शेतं काही वर्षं भात देत नाहीत. नुकसानभरपाईने ते भरून येत नाही. रेकीला शेतकऱ्यांच्या माणसाला बांधावरून सोबत चालायला सांगा. कुठे पाय जपून टाकायचा हे त्याला माहीत असतं. मानशीची झडप शॉटसाठी उघडायला लावू नका.

जुनं पोर्तुगीज धाटणीचं घर हवंय.

चांदर, लोटली, कुडतरी, आल्दोना, साळगाव या भागांत अशी घरं आहेत. बहुतेक घरांत वयस्क माणसं राहतात. त्यांच्याशी करार करताना फक्त भाडं ठरवू नका, कुठल्या खोल्या, किती माणसं, कुठलं शौचालय, दुपारच्या झोपेच्या वेळी काय, हे सगळं लिहून घ्या.

घराची काळजी कशी घ्यायची ते युनिटला पहिल्या दिवशी सकाळी प्रत्यक्ष दाखवा. भिंतींना चुन्याचा रंग असतो, गॅफर टेप लावून ओढला की रंगाचा पापुद्रा सोबत येतो. जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ अर्धपारदर्शक चौकोन बसवलेले असतात. त्यातून येणारा दुधाळ उजेड कुठल्याही फिल्टरने मिळत नाही, पण बाहेरून मोठा दिवा फार जवळ आणला की लाकडी चौकट तापून चौकोन सुटतात. दिवा दूर ठेवा. लाइट स्टँडच्या पायाखाली रबर किंवा कापलेले टेनिस बॉल, फरशीवर गालिच्याचे तुकडे. भिंतीला खिळा नाही. काम सुरू व्हायच्या आधी घरमालकांसोबत फिरून प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा आणि एक प्रत त्यांना द्या.

पणजीचं फोंताइन्हास सगळ्यांनाच हवं असतं. तिथले रहिवासी रोजच्या कॅमेऱ्यांनी त्रासले आहेत. त्यांच्या दारांवरच्या पाट्या वाचा. पणजी महापालिकेची परवानगी असली तरी लोकांच्या उंबऱ्यावर कलाकार बसवू नका. खरं सांगायचं तर तसेच रंग आणि तशाच गल्ल्या मडगाव आणि म्हापशाच्या जुन्या भागांतही सापडतात. जरा शोधावं लागतं, इतकंच.

देऊळ किंवा चर्चमध्ये शूट?

फोंडा तालुक्यातली मोठी देवस्थानं महाजनांच्या समित्या चालवतात. समितीला लेखी अर्ज आणि सीनची पानं द्यावी लागतात. गर्भगृहात कॅमेरा मिळत नाही, आणि मागूही नये. बाहेरची दीपमाळ, तळी, अग्रशाळा यांवर बोलणं होऊ शकतं. चर्चसाठी तिथल्या फादरना भेटा, पुढचं पत्र पणजीत आल्तिनोच्या आर्चबिशप हाउसकडे जातं. जुन्या गोव्याची बासिलिका आणि से कॅथेड्रल ही युनेस्कोच्या यादीत 1986 पासून आहेत आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली येतात, तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळही पुरातत्त्वाच्याच संरक्षणाखाली. तिथे दोन्ही परवानग्या.

दूधसागरवर गाडी आणि धबधबा एकत्र मिळेल?

धबधबा भगवान महावीर अभयारण्यात, रूळ दक्षिण पश्चिम रेल्वेचे. म्हणजे दोन स्वतंत्र परवानग्या, आणि घाटातला हा मार्ग मालगाड्यांमुळे गजबजलेला. धबधबा भरलेला असतो तेव्हा कुळ्याहून जाणाऱ्या जीप बंद असतात. मोठ्या युनिटने हा सीन टाळावा असंच आम्ही सुचवतो. रेल्वे स्थानकाचा सीन असेल तर कोकण रेल्वेचं एखादं लहान स्थानक बघा.

सीनमध्ये लहान मुलं आणि जनावरं आहेत.

मुलांसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, आणि मानधनाचा किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. जनावरांसाठी भारतीय पशु कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी. गोवा म्हणून पटकथेत धिरयो लिहिलेली असते. बैलांच्या या झुंजींवर 1996 साली उच्च न्यायालयाने बंदी घातली आहे. तो सीन कापा.

सामान, माणसं, जेवण इथे मिळतं?

मूलभूत लाइट, ग्रिप, जनरेटर मिळतात. मोठी क्रेन, खास लेन्स, जास्त संख्येतल्या व्हॅनिटी मुंबईहून आणाव्या लागतात. राष्ट्रीय महामार्ग 66 ने जवळपास सहाशे किलोमीटर, तेव्हा ट्रक किमान एक दिवस आधी पोचू द्या. स्वतः चालवायला भाड्याची गाडी घेताना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. ओळखीच्याची खासगी गाडी भाड्याने वापरली तर दंड युनिटला पडतो.

गोव्याचे नाट्यकलाकार जरूर बघा. गावोगावच्या उत्सवी मराठी नाटकांची आणि तियात्राची, म्हणजे कोकणी संगीत नाटकाची, परंपरा असलेला हा प्रदेश आहे, छोट्या भूमिकांसाठी मुंबईहून माणसं आणायचं कारण नाही. सकाळची न्याहारी जवळच्या हॉटेलातून पाव-भाजी, दुपारी शीत-कडी आणि तळलेली मासळी. युनिट खूश राहतं आणि पैसे गावात राहतात.

कॅमेऱ्याला दमट हवेचा त्रास होतो का?

होतो. एसी खोलीतून लेन्स थेट किनाऱ्यावर काढली की आतून-बाहेरून धूसर होते. बॅग बंद ठेवून अर्धा-पाऊण तास बाहेर राहू द्या, मग उघडा. खारा वारा काचेवर थर धरतो, पुढे साधा फिल्टर लावा आणि वरचेवर पुसा. पाण्यात गेलेले ट्रायपॉडचे पाय त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा.

पावसाळ्यात यावं का?

पावसाचीच गोष्ट असेल तर यावं. सत्तरी, सांगे, काणकोणची हिरवाई तेव्हा बघावी. जूनमध्ये पाऊस लागतो, जुलैत सर्वांत जास्त, आणि वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो. किनाऱ्यावरचे शॅक (तात्पुरती खानावळ-झोपड्या) उतरवलेले असतात, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद म्हणून ट्रॉलर जेटीला लागलेले. खरा पाऊस मागून दिवा दिल्याशिवाय कॅमेऱ्यात दिसत नाही, तेव्हा पावसात सुरक्षित चालणारे लाइट आणि अर्थिंग तपासणारा जबाबदार माणूस आणा. दर दिवसाला आतल्या जागेतला एक पर्यायी सीन तयार हवा.

मराठी चित्रपटाला गोव्यात अर्थसाहाय्य मिळतं का?

ईएसजीमार्फत राबवली जाणारी योजना गोव्यातल्या कोकणी आणि मराठी चित्रपटांसाठी आहे. फक्त शूटिंग इथे केलं म्हणून ती लागू होत नाही. अटी अर्जाच्या वेळी तपासून घ्या.

अर्ज मराठीत केला तर चालतो?

चालतो. राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीचाही वापर मान्य आहे, पंचायतीत आणि देवस्थानात तर मराठी अर्जच सोयीचा पडतो. ईएसजी, पुरातत्त्व आणि रेल्वेला इंग्रजी प्रत जोडा. अर्जावर गावात हजर राहणाऱ्या माणसाचा मोबाइल क्रमांक घाला, मुंबईच्या ऑफिसचा नको. पंचायत सचिवाचा फोन येतो तेव्हा त्याला अर्ध्या तासात येऊन भेटणारं कुणीतरी हवं असतं.